लाल दोऱ्याची बरणी

माझी आई, सिंधू, चौथी शिकलेली. बाबा, कमलाकांत, अमरावतीचे नावाजलेले वकील. कोर्टात पुराव्यावाचून समोरच्याचा एक शब्द मान्य करायचे नाहीत, आणि घरात मात्र माणिकआत्या म्हणेल ती पूर्व दिशा. विधवा बहिणीचा मान राखतो म्हणायचे. मान कसला! सोय होती ती त्यांची.

अठ्ठावन्न साली मॅट्रिकच्या विज्ञानाच्या पेपरलाच मला कावळा शिवला. आत्यानं दारात हात आडवा लावला. "इटाळाची पोरगी सरस्वतीच्या दारात जाते काय?"

बाबांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. "पुढच्या वर्षी बस. पोरीच्या जातीले काय घाई?"

माझं वर्ष गेलं. आजही आठवलं की डोकं फिरतं.

आई बाहेर बसली की तेवढाच तिच्या हातांना विसावा. त्यात तिनं मला शाळेत बक्षीस मिळालेली मुलांची कादंबरी वाचून काढली. त्यातला बाप शास्त्रज्ञ. पोरांनी काही विचारलं की उत्तर देत नाही, "करून पाहू" म्हणतो. दोन सारख्या वस्तू घ्यायच्या, एकीतच फरक करायचा, मग बोलायचं.

"बाप पोरीचं ऐकून घेते! खोटंच असन हे," आई म्हणायची. पण ते पान तिनं पुन्हा पुन्हा वाचलं.

ज्येष्ठात आंब्याचं लोणचं घातलं. त्याच फोडी, तोच मसाला, दोन बरण्या. एक आत्याच्या देखत भरली. दुसरी भरायच्या आत आईची पाळी आली. ती कोणाला बोलली नाही. तशीच बरणी भरली, गळ्याला लाल दोरा बांधला आणि मला तेवढं सांगितलं.

मार्चात पेपरच्या सकाळी पुन्हा तेच. आत्यानं जेवता जेवता मला हटकलं, "बाहेर पाऊल टाकू नको." बाबा कालवलेला भात तोंडात घालत राहिले.

आईनं दोन्ही बरण्या त्यांच्या पाटासमोर आणून आदळल्या. "दोऱ्याची बरणी म्या इटाळात भरली. आठ महिने दोघं मिटक्या मारून खाऊन राहिले तुमी. सांगा, कोणती नासली?"

"मले फसवलं तू?" बाबा पाटावरून उठले.

"पुरावा देऊन राहिली. वकील आहा न तुमी? पाहा."

मग वकिलांनी काय करावं? दोन्ही बरण्या उचलून अंगणात फोडल्या. दोन्ही! सोवळ्यातलीसुद्धा! आत्या ओरडत न्हाणीकडे पळाली. त्या गोंधळात आईनं माझ्या हातात दौत-टाक दिला आणि मला दाराबाहेर ढकललं.

मी पास झाले. पेढे बाबांनीच वाटले, लाज न वाटता.

आईनं त्यानंतर जन्मात लोणचं घातलं नाही. बाबांनी मागितलं की म्हणायची, "बाजारातून आणा. कोणी भरलं ते मात्र इचारू नका."

बाबांनी आणलं. कधीच विचारलं नाही.