गाडी कुठे उभी असते

भावाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली. आम्हाला म्हणजे आईला, असं तो नातेवाइकांत सांगत असे. आई गाडी चालवत नाही, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. तो पुण्यात, मी नाशिक रोडला आईबरोबर. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई आपोआप माझ्या वाट्याला आली. गाडी मात्र त्याच्याच नावावर राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. आईच्या किडन्या गेल्यापासून आठवड्यातून तीनदा तिला इंदिरानगरला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि रिक्षातून येताना ती अर्धमेली होते. गाडी मिळाली हेच खूप होतं.

मशीनवर चार तास लागतात. आत नातेवाइकांना बसू देत नाहीत. बाहेर लोखंडी बाक आहेत. पहिले काही महिने मी त्या बाकांवर काढले. मग एके दिवशी गाडी काढली, पांडवलेणीच्या पायथ्याशी एका झाडाखाली लावली आणि सीट मागे टाकून झोपले. घरी आईसाठी रात्रीत तीन-चार वेळा उठावं लागतं, सलग झोप अशी मला माहीतच राहिली नव्हती. त्या दिवशी अडीच तास अशी झोपले की जाग आल्यावर आपण कुठे आहोत ते कळेना. मग तो माझा नेमच झाला. तेवढे तास मी कुणाची मुलगी नव्हते आणि कुणाची ताई नव्हते. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं होतं तरी काय?

गणपतीत भाऊ आला. सर्व्हिसिंग करून आणतो म्हणून सकाळी गाडी घेऊन गेला आणि दुपारी जेवायच्या वेळेला परत आला. मी त्याच्यासाठी मुद्दाम तळणीचे मोदक केले. आपला भाऊ निदान गाडीची तरी काळजी घेतो, असं वाटून मला तेव्हा भरून आलं होतं. ते आठवलं की आता माझाच मला राग येतो.

त्याच आठवड्यात गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग, असं तीनदा. कधी खड्ड्यातून जाताना, कधी वळणावर, कधी द्वारकेच्या सिग्नलला नुसती उभी असताना. दार उघडं असल्याचा लाल दिवा लागायचा आणि विझायचा. मी उतरून चारही दारं आणि डिकी आपटून बघायची, मागून हॉर्न सुरू व्हायचे. शेजारी बसलेली आई म्हणायची, दार नीट लावत जा गं. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानेही तेच सांगितलं. सोसायटीतल्या एका काकांनी तर मला दार कसं लावायचं ते प्रात्यक्षिक करून दाखवलं. भाऊ फोनवर म्हणाला, बायका दार हळू लावतात, त्याने होतं असं. पन्नाशी उलटलेल्या बाईला दार लावता येत नाही, यावर नाशिकपासून पुण्यापर्यंत सगळ्यांचं एकमत झालं.

मग बॅटरी उतरू लागली. दोन दिवस गाडी उभी राहिली की तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक. नवी बॅटरी टाकली, तीही तशीच. वॉचमनला धक्का मारायला बोलवायचं हे ठरूनच गेलं. पण एका शनिवारी ती पांडवलेणीला बंद पडली, आणि नेमका तेव्हाच हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. आईचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं होतं, मशीन थांबवलं होतं, लगेच या म्हणत होती. मी किल्ली फिरवत राहिले. शेवटी गाडी तिथेच टाकून हायवेवर धावत आले. रिक्षा मिळून पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. आई शुद्धीवर होती. तिने मला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. काय झालं असतं हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, आणि मी शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकलं. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या डायलिसिसच्या आत या गाडीचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

कुणीतरी देवळाली गावाकडच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. रविवारी पांडवलेणीला जाऊन धक्का मारून गाडी सुरू केली आणि तशीच त्याच्याकडे नेली. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्याने मला दाराबद्दल एक अक्षर विचारलं नाही, तिथेच तो मला आवडला. बॅटरीची एक वायर सोडवून त्याने मध्ये मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि मला स्टूल दिलं. गाडी बंद केली तरी तिला झोपायला थोडा वेळ लागतो, म्हणाला, तोपर्यंत थांबू. आम्ही थांबलो. मीटरवरचा आकडा खाली यायला हवा होता, तो येईना. म्हणजे गाडी झोपतच नव्हती. मग त्याने एकेक फ्यूज काढून बघायला सुरुवात केली. सातवा की आठवा काढला तेव्हा आकडा धपकन खाली आला. त्या फ्यूजची वायर धरून तो स्टिअरिंगखाली उताणा शिरला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काडेपेटीएवढी काळी डबी होती. तिच्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ताई, हे तुम्ही बसवलंय का?"

मी नाही म्हटलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि अगदी सावकाश सांगितलं.

"पिंपळगावच्या टेम्पोंना मी हेच बसवतो. ड्रायव्हर कुठं जातो, किती वेळ थांबतो, ते मालकाला मोबाइलवर दिसतं. यात दार उघडलेलं पण कळतं. ज्यानं बसवलं त्यानं दाराच्या वायरला नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली. ती हलली की गाडीला वाटतं दार उघडलं."

टेम्पो, ड्रायव्हर, मालक. तीन शब्दांत माझ्या घरची सगळी व्यवस्था त्याने सांगून टाकली, आणि बिचाऱ्याला ते ठाऊकही नव्हतं. गणपतीतलं सर्व्हिसिंग म्हणजे काय होतं ते मला तिथे स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. मला बाबा आठवले. बाबा नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते. सुटताना गेटवर रोज झडती व्हायची, हात वर करून उभं राहायचं, डबासुद्धा उघडून दाखवायचा. लहानपणी मी विचारलं होतं की तुम्हाला राग नाही येत का, तर ते म्हणाले होते, सगळ्यांचीच होते, आणि तोंडावर होते. माझी झडती अडीच महिने चालली होती आणि माझ्यापासूनच लपवून.

इलेक्ट्रिशियनने विचारलं, काढून टाकू का? मी काढा म्हणणारच होते. पण गाडी भावाची. डबी काढली तर त्याला तिकडे लगेच कळणार, आणि उद्या तो गाडी न्यायला आला तर आईला मी कशात घालून नेणार? मी म्हटलं, राहू द्या, पण नीट जोडून द्या, दाराची वायर डबीपासून सोडवा आणि बॅटरी उतरायला नको. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवून पुन्हा स्टिअरिंगखाली शिरला. माझ्यावरचा पहारा मी स्वतः समोर बसून पक्का करून घेतला. गाडी त्यानंतर एकदाही वाजली नाही.

सोमवारी मी गाडी खाली उभी ठेवली आणि आईला रिक्षाने नेलं. तिला त्रास होणार हे मला माहीत होतं, तरी नेलं. तिला मशीनवर घेतलं आणि मी बाकावर फोन हातात धरून बसले. साडेदहाला भावाचा फोन आला.

"ताई, आज आईला नेलं नाहीस का?"

"तुला कुणी सांगितलं?"

तो काळजी, सुरक्षितता, हल्ली गाड्या किती चोरीला जातात, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं आणि विचारलं की तीन तास पांडवलेणीला कोण असतं माझ्याबरोबर, ते पण दिसतं का तुझ्या मोबाइलवर? तेव्हा तो चिडला. म्हणाला, मला काय हौस होती का, आईला विचार.

संध्याकाळी मी आईला विचारलं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, सुई टोचलेल्या हातावर पट्टी होती. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

"मीच म्हटलं त्याला. तू मला तिथे टाकून जातेस, नर्स सांगते मला. कुठे जातेस, येशील की नाही, मला काय माहीत?"

"मग मला विचारायचं होतंस, आई."

"तुला विचारलं की तू चिडतेस."

यावर चिडायचीही सोय उरली नाही. मी खरंच चिडले असते. झोपायला जाते म्हणाले असते आणि वर चार शब्द असे ऐकवले असते की तिने पुन्हा विचारलं नसतं. पण इतकी वर्षं तिचं हगणंमुतणं मी काढते आहे आणि ती माझी चौकशी पुण्याला करते, हेही खरंच होतं. दोन्ही खरं असलं की माणसाने काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

बुधवारी गाडीने गेलो. नर्सने तिला आडवं केलं, नळ्या जोडल्या, आणि मी निघायला वळले तेव्हा आईने मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं. आज किती वाजता येशील, असं तिने विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला विचारलं.

"त्याला विचार, त्याला दिसतं," मी म्हटलं, आणि तिची बोटं एकेक करून सोडवली.