माफीनाम्यांचा डॉक्टर

क्षमा या विषयावर मी सात वर्षं संशोधन केलं. सहा धर्मांत क्षमा कशी मागतात, कोण देतं, कोण अडून बसतं, हे सगळं मला तळटीपांसकट पाठ आहे. धर्माभ्यासात डॉक्टर झालो आणि नोकरीसाठी इतके उंबरठे झिजवले की शेवटी एका पंख्यांच्या कंपनीलाच दया आली. काम काय, तर वैतागलेल्या गिऱ्हाइकांना माफीची पत्रं लिहायची. मग गाद्यावाले आले, कुरिअरवाले आले. आता घरबसल्या, जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून, मी बारा कंपन्यांच्या वतीने दिलगीर असतो. बायको म्हणते, "एवढे दिवे लावलेस ना, आता ताईंचीही तेवढी माफी माग."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. माझी ती सातही वर्षं तिच्या शिलाई मशीनवर निघाली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी अकरा प्राध्यापकांचे, तीन ग्रंथालयांचे, अगदी झेरॉक्सवाल्याचेही आभार मानले. ताईचे राहिले. कसे राहिले ते विचारू नका, अक्कल गहाण ठेवली होती. प्रबंधाची प्रत तिच्या हातात दिली, त्यानंतर आठवड्याभरात तिने माझ्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षं तसंच चाललं. खरं सांगतो, मला ते सहन होईना.

म्हणून तिला पत्र लिहिलं. नऊ मसुदे केले. नववा इतका सफाईदार उतरला की मी स्वतःवरच खूश झालो. चार दिवसांनी पत्र परत आलं. एका ओळीखाली ताईने शिवणाच्या खडूने रेघ मारली होती: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.'

सख्ख्या बहिणीला 'आपल्याला'! वर 'आम्ही'! कपाळावर हात मारला आणि तसाच उठून तिच्याकडे गेलो.

ती मशीनवर बसली होती. दारातूनच म्हणालो, "ताई, चुकलं माझं."  पुढच्या वाक्यासाठी सहाही धर्म आठवून पाहिले, एकही कामाला आला नाही.

तिने मशीन थांबवलं. मान वर न करताच म्हणाली, "तुझं ते जाड पुस्तक मला कुठलं कळायला? आभाराचं पान तेवढं कळणार होतं. शेजारच्या काकूंना दाखवायला घेऊन गेले होते रे. मोठ्याने वाचत होते. झेरॉक्सवाल्यापर्यंत आले, तरी वाटत होतं, आता पुढे माझं असेल."