गाडी अजून त्यांच्या नावावर

माणूस जातो, नाव मागे राहतं. शोकसभेत हे वाक्य म्हणताना वक्त्याचा आवाज नेहमी थोडा खाली उतरतो आणि ऐकणारे मान डोलावतात. वाक्य खरं आहे. फक्त नाव नेमकं कुठे राहतं ते कोणी सांगत नाही. ते आरटीओत राहतं.

मी सुरतेत डिंडोलीला राहतो आणि रोज शहर ओलांडून इच्छापोरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात जातो. चार वर्षांपूर्वी त्यासाठी एक जुनी मोटरसायकल घेतली. तिचे मालक ओळखीचे होते. मूळचे नंदुरबारकडचे, राहायला गोडादऱ्याला, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, सुपरवायझर. ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले, चहा येण्याआधी. गाडीचा त्यात काही हात नव्हता. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, गाडी मला विकली, वर हेल्मेट फुकट दिलं आणि एकच गोष्ट मागितली.

"भाऊ, गाडीवरचं नाव राहू द्या थोडे दिवस. रेशन कार्डावरून काढलं, गॅसवरून काढलं, बँकेतून काढलं. दमले मी काढून काढून."

मी मोठ्या मनाने हो म्हटलं. आरटीओच्या खेपा वाचणार असतील तर माझं मन फार मोठं असतं. शिवाय आमच्या भागात जुन्या गाड्या अशाच फिरतात. नाव एकाचं, बूड दुसऱ्याचं.

हेल्मेटला आतून आवळ्याच्या तेलाचा वास होता. मी ते धुतलं, उन्हात ठेवलं, वास गेला. उन्हाळ्यात डोकं तापलं की तो परत यायचा. आरसे त्यांच्या उंचीला लावलेले होते. मी ते वळवून घ्यायचो, आणि काही दिवसांनी बघावं तर पुन्हा जुन्या जागी, मागच्या रस्त्याऐवजी माझाच खांदा दाखवत. नट सैल असणार. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गोडादऱ्याच्या नाक्यावरचा पानवाला मात्र गाडीचा आवाज ऐकला की चुना लावता लावता, वर न बघता, हात करायचा. मीही करायचो. ते सोपं होतं.

पोलिसाने अडवून कागदावरचं नाव वाचलं आणि "तमे ज ने?" विचारलं, की मी "हा, हुं ज", मीच तो, म्हणायचो. नाहीतर त्यांच्या मृत्यूपासून सुरुवात करावी लागली असती, आणि चौकात तेवढा वेळ कोणाला नसतो. पीयूसीवाल्यालाही तेच. पुढे पुढे कोणी ते नाव घेतलं की माझी मान आपोआप हलू लागली.

विमा आमच्या सोसायटीखालचा एजंट काढून द्यायचा. तो झेरॉक्स काढायचा, रेल्वेची तिकिटं काढायचा आणि विमेही काढायचा. मी जुन्या पॉलिसीचा फोटो पाठवला की तो नवी पॉलिसी पाठवायचा. "फुल छे ने?" "फुल छे." फुल हा शब्द ऐकला की आमच्याकडे माणूस पुढचं वाचत नाही.

गेल्या जानेवारीत एका सकाळी हजिरा रोडवर धुकं होतं, म्हणजे धुकं किती आणि धूर किती हे सांगता येणार नाही असं काहीतरी. इच्छापोरच्या वळणावर डंपरमधून सांडलेली रेती पसरली होती. मला ती दिसली तेव्हा मी तिच्यावर आडवा होतो.

दुखत काहीच नव्हतं, आणि तेच मला आवडलं नाही. आवाजही नव्हते. मग धुक्यात पिवळी हेल्मेटं दिसली आणि त्यांच्याखाली एकेक माणूस उमटला. पहिल्या पाळीला निघालेले ठेकेदाराचे कामगार होते. एकाने सीटखालची प्लास्टिकची पिशवी काढली आणि पॉलिसीवरचं नाव मोठ्याने वाचलं.

"आप ही हैं?"

माझी मान हलली.

"होश में है," तो बाकीच्यांना म्हणाला. माझा फोन खिशात नव्हता, म्हणून त्याने पॉलिसीवरचा नंबर लावला. "यहीं कहीं गिरा होगा, बजेगा तो मिल जाएगा."

सगळे गप्प झाले. कोणी रेतीकडे, कोणी गटाराकडे, कोणी माझ्या छातीकडे कान देऊन उभे राहिले. कुठेच काही वाजलं नाही. स्पीकरवर मात्र रिंग जात होती. ती गोडादऱ्याला वाजत होती, कारण त्यांचा नंबर वहिनींनी बंद केला नव्हता, त्याच वापरत होत्या. मला ते माहीत होतं. सांगायला तोंड उघडलं, पण तोंडात रेती होती.

"हॅलो," वहिनींचा आवाज आला.

"भाभीजी, घबराइए मत. आप के पति गाड़ी से गिर गए हैं."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"कौन?"

त्याने नाव पुन्हा वाचलं, स्पष्ट, पदवीदान समारंभात वाचतात तसं.

"कहाँ?"

"इच्छापोर."

"वहाँ क्या कर रहे हैं?"

हा प्रश्न त्याला अवघड गेला. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "लेटे हैं," तो म्हणाला.

त्या घरात तो फोन नेहमी भिंतीवरच्या प्लगला लावलेला असतो, आणि प्लगच्या वरच त्यांचा हार घातलेला फोटो आहे. त्या वेळी त्या कुठे बघत असतील, हा विचार मी अर्ध्यावर सोडला. मग त्या बोलल्या. हिंदीत नाही, घरातल्या अहिराणीत, अगदी हळू.

"बोली ऱ्हायना का?"

बोलतोय का, एवढंच विचारलं होतं. त्या कामगाराला अहिराणी येत नव्हती, तरी त्याने फोन माझ्या कानाशी धरला. मी रेती थुंकलो.

"वहिनी, मी आहे."

पलीकडे कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"तुम्ही होय," त्या म्हणाल्या. मग, "गाडीला लागलं का?"

गाडीला फारसं नव्हतं. माझं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात अडकवून मी घरी बसलो, तेव्हा एजंट सफरचंदं घेऊन भेटायला आला. माझ्या बायकोने त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"भाई, साफ सांगा. हे त्या दिवशी गेले असते तर मला आणि पोरीला काय मिळालं असतं?"

"अरे भाभी, शुभ शुभ बोलो."

"विमा तुम्ही विकता आणि शुभ मी बोलू?"

त्याने फोनवर पॉलिसी उघडली. "जुओ, गाडीचं नुकसान कव्हर आहे. दुसऱ्या कोणाला लागलं तर थर्ड पार्टी आहे. गाडी चालवताना मालकाला काही झालं तर त्याचं पण कव्हर आहे."

"मग झालं तर."

"पण मालक ते."

"ते तर गेले!"

"हां, पण अपघातात नाही गेले ने," एजंट म्हणाला, त्यांना अजून संधी आहे अशा स्वरात.

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"हे मालक नाहीत. थर्ड पार्टी पण नाहीत, गाडी तर हेच चालवत होते."

"मग हे कोण आहेत?"

एजंटने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथे काही लिहिलेलं असेल अशा आशेने. "कोणी नाहीत," तो म्हणाला.

म्हणजे इच्छापोरला जीव गेला असता, पण मेलं कोणीच नसतं. आत्मा, देह, मिथ्या जग या विषयांवर मी बरंच वाचलेलं आहे. नसण्याची इतकी स्वच्छ व्याख्या त्यात कुठे नव्हती.

"तुम्ही तर फुल म्हणाला होतात," बायको म्हणाली.

"फुल ज छे, भाभी. माणस बीजो छे, दुसरा."

मग तिने त्याला खाली बसवलं आणि एकेक कव्हर सोलून घेतलं. मालक-चालकाचा अपघात विमा माझ्या नावाने. मागे बसणारी ती, तिच्यासाठी वेगळं कव्हर. ते आपोआप मिळत नाही हे तिला तेव्हाच कळलं, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मुद्दाम लपवलं होतं. मालकाच्या कव्हरची रक्कम पोरीच्या शिक्षणाला पुरणार नाही, म्हणून त्यावर आणखी एक अपघात पॉलिसी. एजंटने तिचा तक्ता वाचून दाखवला. दोन डोळे गेले तर पूर्ण, एक गेला तर अर्धे. हाताचं तसंच, पायाचं तसंच.

"आणि डोकं?"

"डोक्याचा कॉलम नथी."

"बरोबर आहे. यांचं गेलेलं कोणाला कळणार?"

एवढं सगळं ठरलं, पण गाडी माझ्या नावावर झाल्याशिवाय त्यातलं गाडीचं काहीच माझ्या नावाने निघणार नव्हतं. आणि त्यासाठी वहिनींच्या सह्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागणार होता. "तू माग," मी बायकोला म्हणालो. "शब्द तुम्ही दिला होता," ती म्हणाली. आम्ही तो विषय काही दिवस एकमेकांकडे ढकलत राहिलो.

एका दुपारी वहिनी स्वतःच आल्या, हातात कापडी पिशवी. पिशवीत दाखला होता, आधार होतं, घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेतलेलं संमतीपत्र होतं. पाणीसुद्धा न पिता त्यांनी सगळं टेबलावर मांडलं.

"करून टाका भाऊ."

"घाई नाही, वहिनी."

"आहे. त्या दिवशी फोन ठेवला, कुकर उतरवला आणि दार उघडून उभी राहिले मी. तुमच्याशी बोलले होते, आवाज ओळखला होता. तरी उभी राहिले. शेजारीण विचारायला लागली, कोणी येणार आहे का?"

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काय. हो म्हटलं."

बायको चहा ठेवायला आत गेली. मी कागद गोळा केले.

नाव बदलून आलं. नवी पॉलिसी निघाली, त्यात सगळी कव्हरं होती. हप्ता जुन्यापेक्षा पुष्कळ जास्त आला. वाढवलेल्या कव्हरांमुळे असेल, असं मी धरून चाललो होतो. एजंट म्हणाला, तेवढंच नाही, हप्त्यात सूट देणारा नो क्लेम बोनसही गेला. तो सांभाळून गाडी चालवणाऱ्याला मिळतो, आणि तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, म्हणजे जुन्या मालकांचा. गेल्या चार वर्षांत त्यांनी एकही अपघात केला नव्हता.