रविवारी वाढणारं वजन

आमच्या मोठ्या सरोवराकाठी बर्फ सहा महिने मुक्काम करतं, आणि माणसं तेवढा काळ गप्प बसतात. जे काही बोलायचं ते शनिवारी, सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या लाकडी न्हाणीघराच्या, वाफेत. रस्त्यापलीकडच्या लाहतींकडे ही वाफ दोघं भाऊ घेत, आर्मास आणि थोरला वेइक्को. दोघंही बिनलग्नाचे. पन्नास वर्षं एकाच किटलीतली कॉफी प्यायले.

वेइक्को नोव्हेंबरात गेला. मागे राहिलं त्याने घडवलेलं सुरीचं पातं, आणि तिच्या मुठीसाठी कापलेल्या बर्च झाडाच्या दोन फळ्या. बुरशीने त्यांत काळ्या रेघा काढल्या होत्या, नद्यांच्या नकाशासारख्या. पण लाकूड नख रुतेल इतकं मऊ. असल्या लाकडात रेझिन, म्हणजे भाजल्यावर घट्ट होणारी पातळ राळ, मुरवलं की ते शिंगासारखं कणखर होतं. मात्र त्याआधी ते पुरतं वाळायला हवं, नाहीतर रेझिन आत शिरत नाही. वाळवायच्या घाईत ओलंच भट्टीत घातलं तर तडकतं. म्हणून वेइक्कोने फळ्या सौनाच्या उबेला, वरच्या कप्प्यावर ठेवल्या होत्या. दर शुक्रवारी नि रविवारी तो त्यांचं वजन करी आणि आकडा पेन्सिलीने फळीवरच लिही. एकशे अठरा ग्रॅम. एकशे नऊ. शहाण्णव. शेवटचा अठ्ठ्याऐंशी.

त्याखाली आर्मासचं वेडंवाकडं अक्षर सुरू झालं. सुरी पुरी करायचीच, असं त्याने ठरवलं होतं.

जानेवारीत मी वेलदोड्याचा पाव घेऊन गेलो, तर त्याने फळी माझ्यापुढे आपटली.

"बघ. शुक्रवारी उतरते, रविवारी चढते. लाकूड आहे का दारुडा?"

"अरे, शनिवारी तू तापल्या दगडांवर पाणी मारतोस. तेच पिते ती."

"वेइक्को नव्हता का मारत? त्याचे आकडे बघ. एकदा तरी चढलेत?"

नव्हते चढले. आर्मासने कॉफी ढवळली. साखर घातलीच नव्हती, तरी ढवळत राहिला.

"तो आधी जायचा," मग म्हणाला, "दगड तापवायला. काखेत टॉवेलाची गुंडाळी घेऊन बाहेर यायचा, अंगणातून मला हाक मारायचा, आणि गुंडाळी घरात ठेवून परत जायचा. मला वाटायचं, बाटली लपवतोय. एकदा शिव्याही घातल्या."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझ्या वाटणीची प्यायलो."

त्या शनिवारी मी खिडकीतून पाहिलं. आर्मास सौनातून टॉवेलाच्या गुंडाळीत फळ्या घेऊन आला. अंगणाच्या मध्यावर थांबला, घराकडे तोंड करून. वेइक्को तिथूनच हाक मारायचा. आर्मास बराच वेळ उभा राहिला. मग हाक न मारता गुंडाळी घरात ठेवून आला आणि एकटाच वाफेत शिरला.

मार्चमध्ये वजन एक्क्याऐंशीवर थांबलं, तीनदा तोच आकडा. मग दिवसभर भट्टीत मंद आचेवर. शहात्तर, पुन्हा शहात्तर. हवेतला ओलावा पुन्हा पिऊ नये म्हणून गरम असतानाच पिशवीत बंद. आता फक्त रेझिनमध्ये बुडवायचं. पण पिशवी पंधरा दिवस टेबलावर तशीच पडून.

"आता कशाला थांबलास?" मी विचारलं.

"मूठ घासली की त्याचे आकडे जाणार."

"कागदावर उतरवून घे की म्हाताऱ्या."

"आकडे उतरतील. त्याचं अक्षर उतरेल का?"

मी कप विसळून ठेवला आणि घरी आलो.

एप्रिलमध्ये एकदा त्याने पंपाने हवा ओढून काढायच्या बरणीत फळ्या रेझिनखाली दाबल्या. दिवसभर लाकडातून बुडबुडे येत राहिले आणि तो पुढ्यात बसून राहिला. ते थांबल्यावर फळ्या तशाच मुरू दिल्या, मग भट्टीत भाजल्या. आठवड्याने सुरी माझ्या हातात दिली. मूठ गुळगुळीत, काळ्या रेघा पाण्याखालच्यासारख्या चमकत होत्या. आकडे कुठेच नव्हते.

"घासलेस शेवटी?"

"आत आहेत. पात्याच्या पोलादाकडे तोंड करून."

"न घासलेली बाजू चिकटते होय?"

"तीन पितळी खिळे ठोकलेत. न चिकटून जाते कुठे?"

पुढच्या शनिवारी तो सौनातून बाहेर आला, काखेत टॉवेलाची गुंडाळी. मध्यावर थबकला. खिडकीत मला पाहिलं, टॉवेल उलगडला आणि झटकून दाखवला. आत काही नव्हतं.

मग टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि घरात ठेवायला गेला.