हेच समक्ष समजावे

९ डिसेंबर. जेवणाच्या टेबलावर अक्षतांच्या पुड्या बांधत होते. मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि आमच्या घरात ‘समक्ष’ या शब्दाचा अर्थ बदलला होता.

पूर्वी समक्ष म्हणजे माणूस दारात यायचा, कुंकू लावायचा, हातावर अक्षता ठेवायचा, चहा नको म्हणायचा आणि दोन कप प्यायचा. आता नवऱ्याने पत्रिकेच्या तळाशी छापून घेतलं, ‘प्रत्यक्ष भेट न झाल्यास हेच समक्ष निमंत्रण समजावे.’ ही ओळ छापली की गुडघे दुखत नाहीत. सातपूरच्या कारखान्यात तो साहेब आहे. तिथे तो कामगारांशी ‘वन-टू-वन’ बोलतो, म्हणजे दहा जणांना खोलीत बसवून एकटाच बोलतो.

सायखेड्याच्या थोरल्या बहिणीलाही त्याने ‘पर्सनली’ कळवलं होतं. सगळ्या नातेवाइकांना एकदम गेला तोच पत्रिकेचा फोटो. दुपारी नणंदबाईंचं उत्तर आलं, ते मी मोठ्याने वाचलं. “पत्रिका मिळाली. आशीर्वाद मोबाइलवरच पाठवते. पोरीला म्हणावं, हेच समक्ष समजावे.”

मुलीने हातातला दोरा खाली ठेवला. “आत्या हळद लावायला येणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही.” शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिने त्या घरात काढल्यात. पोकळ धमकी देत नाही, तो गुण आत्याचाच.

नवऱ्याने व्हिडिओ कॉल सुचवला. मग मला एकटीला जायला सांगितलं, बायकाबायकांचं लवकर जमतं म्हणे. मी म्हटलं, रुसवा भावावर आहे, माझ्यावर नाही. तेव्हा कुठे खरं बाहेर आलं.

“ताई चार माणसांत असली की बरं असतं,” तो म्हणाला. “एकटी समोर बसली की मला तोंडच उघडता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवलं. पुढे बसवला असता तर वाटेतूनच वळला असता. सायखेड्यात फाटकाशी त्याच्या हातात कुंकवाचा करंडा आणि पुडी दिली आणि मी बाहेरच थांबले. आतून फक्त नणंदबाईंचा आवाज येत राहिला, तोही बराच वेळ.

शेवटी त्या दारात आल्या. कपाळावरचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत सांडलेलं.

“तू आत ये गं,” त्या म्हणाल्या. “याला धड कुंकूसुद्धा लावता येत नाय. हळद तरी मलाच लावावी लागेल.”

मी आत गेले. चहा नको म्हटलं आणि दोन कप प्यायले.