मला विचारलं असतं तर

स्त्रीच्या देहावर फक्त तिचाच अधिकार असतो. हे वाक्य माझं आहे. म्हणजे मुळात कुणाचं ते मला माहीत नाही, पण वाशीम शहरात ते माझ्या नावावर जमा आहे. दरवर्षी मार्चमध्ये कुठल्या ना कुठल्या सभागृहात मी ते म्हणते, टाळ्या पडतात, एक शाल आणि एक नारळ मिळतो. शाली कपाटात रचून ठेवल्यात. नारळांची चटणी होते.

आता जे सांगणार आहे, ते मात्र मी कुठंच म्हटलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याचं माझ्याबद्दल बरं मत आहे, ते तसंच राहावं असं वाटतं — हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त सांगते.

सुरुवात कुठून करू? बेंबीपासूनच करावी लागेल. विषयच तो आहे.

वैष्णवी माझ्या मोठ्या भावाची धाकटी मुलगी. दादाचं घर रिठदला, शेती तिथलीच. वैष्णवी अमरावतीला होस्टेलवर राहून मायक्रोबायोलॉजी शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरातली एवढ्या लांब शिकायला गेलेली ती पहिली मुलगी, आणि ती गेली ते माझ्या शब्दावर. दादा माझ्याकडं बघून म्हणाला होता, "तू म्हनतं तं पाठवतो. काई झालं तं तुले इचारीन." मी हसले होते. विचारण्यासारखं काय होणार होतं?

एका संध्याकाळी तिचा फोन आला. बेंबीत रिंग घालावी म्हणते, मैत्रिणीनं घातलीय, छान दिसते — घालू का? मी माझं वाक्य म्हटलं. शरीर तुझं, निर्णय तुझा. फोनवर टाळ्या पडत नाहीत, पण ती म्हणाली, "आत्या, तू लय भारी हाएस." मला तेवढं पुरलं.

मे महिन्यात तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. परीक्षा संपवून ती आधी माझ्याकडं आली, कारण जखम ताजी होती आणि रिठदच्या घरात दाराला कडी लावून बसण्याची पद्धत नाही. रिंग म्हणजे खरं तर एक छोटीशी वाकडी दांडी होती, दोन्ही टोकांना गोळी. एवढीशी वस्तू. तिच्यासाठी माझ्या घरात केवढा सरंजाम!

मला तिनंच शिकवलं सगळं. आधी हात साबणानं धुवायचे — नुसते ओले करायचे नाहीत, धुवायचे. मेडिकलमधून जखम धुवायच्या सलाईनची बाटली आणायची. त्यात गॉज भिजवून रिंगेवर धरून ठेवायचा, म्हणजे कडेची वाळलेली खपली मऊ होऊन आपली आपण सुटते. नखानं काढायची नाही. रिंग गोल फिरवायची नाही. मग टिश्यूनं टिपायचं. टॉवेल नको, टॉवेलात काय काय राहतं याची तिनं मला इतकी सविस्तर माहिती दिली की मी घरातले सगळे टॉवेल उकळले. सलवारीची नाडी खाली बांधायची, पालथं झोपायचं नाही. डेटॉल नाही, स्पिरिट नाही. हळद नाही. आणि तेल तर अजिबात नाही.

"तेलानं काय होते माहीत हाय का आत्या? भोकाचं तोंड बंद होते, अन् जंतू आतमदी मस्त संसार थाटतात."

बरं व्हायला कित्येक महिने लागतात म्हणाली. मी सकाळ-संध्याकाळ गॉज धरून बसायचे. ती "हळू ना वं" म्हणून ओरडायची आणि मग हसायची, आणि हसल्यावर पोट हलायचं म्हणून पुन्हा ओरडायची. जखम छान होती. कडा गुलाबी, थोडा पांढुरका ओलावा, तो असतोच म्हणे.

मला ते आवडत होतं. हे कबूल करणं सोपं आहे, म्हणून आधी करते. पण मला नेमकं काय आवडत होतं? ती मुलगी? की सगळ्या खानदानात हे फक्त मला ठाऊक आहे, मलाच सांगण्यासारखी मी एकटी आहे, हे? आता विचार करते तेव्हा वाटतं, ही पण एक शालच होती. फक्त घरपोच आलेली.

हळदीच्या दिवशी रिठदच्या मांडवात मी खोटं बोलले. पोरी एकमेकींना हळदीनं माखत होत्या, कुर्त्याच्या आत हात घालून पोटापाठीला फासत होत्या. मी मध्ये उभी राहिले आणि जाहीर केलं, वैष्णवीला हळदीची ॲलर्जी आहे. एक म्हातारी म्हणाली, "हयदीची अलर्जी? आता मिठाचीबी निंगन एखाद्याले." सगळ्या हसल्या. पण भाषणं देणाऱ्या मॅडम सांगताहेत म्हटल्यावर कुणी तिला हात लावला नाही. वैष्णवीनं लांबून माझ्याकडं बघून डोळा मारला.

हे मुद्दाम सांगते. मला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. तिच्यासाठी बोलता येत नव्हतं असंही नाही. जोवर त्याची काही किंमत पडत नव्हती तोवर मी सफाईनं बोलत होते.

लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरी गेली. संध्याकाळी वैष्णवी मधल्या खोलीत पोट धरून पडली होती. कळा येत होत्या. लग्नघर म्हणजे बायकांचा बाजार — दहा जणी गोळा झाल्या आणि दहा जणींनी एकच निदान केलं. बोंबी सरकली. मांडवात धावपळ केली, जड भांडी उचलली, बेंबी जागेवरून हलली. आमच्याकडं पोटदुखीला पहिलं कारण हेच असतं, आणि त्यावर उपाय गल्लीतच राहतो. गिरजा मावशीला निरोप गेला. ती एरंडेलाची वाटी घेऊन आली. या वाटीतलं तेल बोटाला घेऊन ती बेंबीत अंगठा रोवते, आत ठोका कुठं लागतो ते बघते, आणि मग पोट चोळून तो ठोका मध्यावर आणते. हे ती वर्षानुवर्षं करते. लोकांचं दुखणं थांबतंही. थांबायचं असतंच बहुधा.

वैष्णवीनं कुर्ता दोन्ही मुठींत धरला. "नको, मले नाई चोळून घ्यायचं." वहिनी चिडली. "काहून नाई? इतक्या बाया काय येड्या हाएत?" आणि मग वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं.

इथं जरा थांबते. — थांबून तरी काय होणार?

मी काय म्हणू शकले असते? पुष्कळ काही. हिला वाशीमला डॉक्टरकडं नेते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. गाडी दारात उभी होती. ॲलर्जी पुन्हा काढता आली असती. किंवा सरळ सांगता आलं असतं: हिच्या बेंबीत रिंग आहे, मला माहीत आहे, मीच हो म्हटलं होतं, तेल लावू नका. खोलीत माझी भाषणं ऐकलेल्या दोघी-तिघी होत्या. त्या माझ्याकडंच बघत होत्या, मॅडम काय म्हणतात म्हणून.

वहिनी म्हणाली, "ताई, तुमीच सांगा इले. तुमचंच आयकते थे."

आणि मी म्हणाले, "झोप गं. दोन मिनिटांचं काम आहे."

घाबरून तोंडातून गेलं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मलाही वाटेल. पण तसं नव्हतं. मी हिशेब केला होता. मी बोलले तर ती गोष्ट माझी होणार होती. सापडली तर ती फक्त तिची राहणार होती. एवढा स्वच्छ विचार मी आयुष्यात फार कमी वेळा केला आहे.

तिनं मुठी सोडल्या. मी सांगितलं म्हणून सोडल्या. मी असं सांगतेय म्हणजे माझ्याकडं काहीतरी युक्ती असणार, असं तिला वाटलं असावं.

खोलीत माणसांची ये-जा होती म्हणून गिरजा मावशीनं मर्यादेनं कुर्ता वर न करता हात आतून घातला. तेलानं भरलेला अंगठा बेंबीत दाबला. वैष्णवी किंचाळली. मावशीनं हात बाहेर ओढला, अंगठ्याकडं बघितलं — तेलात रक्त होतं.

"अवो माय! इच्या पोटात तार हाय!"

पुढचं सांगायला फार लागत नाही. कुर्ता वर झाला. बायका पुढं वाकल्या. वहिनीनं कपाळावर हात मारला — "आता कोन करन वं तुह्याशी लगन?" कुणीतरी दादाला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, मुलीकडं त्यानं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"तुले माहीत होतं काय?"

मी म्हणाले, "नाही."

एवढ्यावर थांबले असते तर ते साधं खोटं झालं असतं, घाबरट माणसाचं. पण मी शिकलेली आहे, मला वाक्य पूर्ण करायची सवय आहे. मी पुढं म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं."

हेच ते. हेच सांगायचं होतं.

वैष्णवी रडत होती, ती थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं — रागानं नाही. वर्गात एखादं उत्तर चुकलं की पोरं वहीत खाडाखोड करून पुढं जातात, तसं. "आत्याले माहीत होतं" हे तीन शब्द तिच्याजवळ होते. फोनमध्ये आमचं बोलणं होतं. माझ्या घरी सलाईनची बाटली अर्धी शिल्लक होती. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

वहिनी म्हणाली, काढ ते आत्ताच्या आत्ता. ताजी जखम बिघडलेली असताना रिंग अशी घाईनं काढू नये, आधी डॉक्टरला दाखवावी, नाहीतर वरून तोंड मिटतं आणि पू आत कोंडतो — हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक मी. वैष्णवी उठली, न्हाणीत गेली, हात साबणानं धुतले, नीट धुतले, आणि मग स्वतःच गोळी फिरवून ती दांडी काढली. मी हे दारातून बघितलं.

दादानं तिला अमरावतीला परत पाठवलं नाही. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्याच्या दृष्टीनं पोरीनं आई-बापापासून लपवलं, एवढंच नव्हे तर ज्या आत्यानं शब्द टाकला तिच्यापासूनही लपवलं. मग उरलं कोण? मी "हो, माहीत होतं" म्हटलं असतं तर तो माझ्यावर भडकला असता. सणाला बोलावलं नसतं. दिवाळीनंतर विसरला असता — दादाचा राग मला लहानपणापासून माहीत आहे. वैष्णवी जूनमध्ये तिसऱ्या वर्षाला बसली असती. मी तिचं एक वर्ष नव्हे, तो सगळा रस्ताच विकला. कशाच्या बदल्यात? माझ्याबद्दल दहा बायकांचं मत चांगलं राहावं म्हणून. त्यातल्या निम्म्यांची नावं मला आज आठवत नाहीत.

तिनं मग जवळच्या कॉलेजात बी.ए. केलं. तिथं सूक्ष्मदर्शक नव्हता, लागतही नव्हता. पुढच्या वर्षी लग्न झालं, आसेगावला दिली. नवरा बरा आहे. दिवाळीत भेटते, वाकून नमस्कार करते. पूर्वी मला "तू" म्हणायची, आता "तुमी" म्हणते. घरच्यांना वाटतं, सासरी जाऊन वळण लागलं.

दादा मात्र आजही नातेवाइकांत माझं उदाहरण देतो. बहिणीनं त्या दिवशी सरळ सांगितलं, आपल्याले इचारलं असतं तं नाई म्हनली असती. त्याचा माझ्यावरचा विश्वास वाढलेला आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला वाशीमला डॉक्टरकडं नेलं होतं. मीच नेलं. जखम सुजली होती, पू कोंडला होता, छोटी चीर द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, हे कालच्या चोळण्यानं झालं. त्याआधी जखम उत्तम असणार, कडा बघा किती स्वच्छ आहेत, कुणीतरी फार निगुतीनं काळजी घेतलेली दिसते. मग पोट कशानं दुखत होतं, मी विचारलं. त्यांनी बाहेरच्या बाकांकडं बोट दाखवलं. तिथं आमच्याच लग्नातली माणसं बसली होती, पोटावर हात ठेवून, ओळीनं, नवरदेवाचे काकासुद्धा.

पंगतीतला मठ्ठा नासला होता.