एक टेस्ट नापास

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं. तालुक्याच्या गावातली मराठी शाळा. कॉम्प्युटरच्या खोलीला वर्षभर कुलूप, कारण काही बिघडलं तर जबाबदार कोण? बाईंनी मुख्याध्यापकांना लिहून दिलं की जबाबदार मी, आणि रविवारी सकाळी त्या स्वतः येऊन कुलूप काढायच्या. मी आत बसायचो, त्या व्हरांड्यात आमच्या वह्या तपासायच्या. माझे वडील सायकली दुरुस्त करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बाई नसत्या तर ती मिळाली नसती, हे उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

बाईंनी मला एक सवय लावली. जे करशील ते लगेच लिहून ठेव, आणि आधी मराठीत लिही. "इंग्रजीत लिहिलंस की समजल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या. "मराठीत लिहायला बसलास की कळतं, खरंच समजलंय का ते." ही सवय घेऊनच मी एमएस्सी झालो आणि कोलकात्याला आलो.

सॉल्ट लेकमधल्या एका संशोधन संस्थेत मला प्रकल्प सहायकाची जागा मिळाली होती. प्रकल्प नदीतल्या गाळाचा. पाणी कसं वाहील, गाळ कुठे साचेल, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल चालवायचं. बराकपूरला एक खोली भाड्याने घेतली. रोज लोकलने येऊन बिधाननगर रोडला उतरायचं आणि ऑटो पकडायची. बांगला येत नव्हती, हिंदी शाळेतली, इंग्रजी बोलताना घाम फुटायचा.

आणि प्रकल्पाचे प्रमुख सर मराठी निघाले! त्यांचे आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. सरांचा जन्म कोलकात्यातला. मराठी घरापुरती, त्यामुळे "माझी प्रोजेक्ट" आणि "तो पुस्तक" असं काहीबाही व्हायचं. पण पहिल्या दिवशी ते दारातून म्हणाले, "काय रे, कुठला तू? जेवलास काय?" आणि मला खरोखर भरून आलं. दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला बोलावलं. निघताना म्हणाले, "लाजू नकोस. आपण घरची माणसं."

बाकीच्यांना सरांच्या सूचना इंग्रजीत, ईमेलने जायच्या. मला मराठीत आणि तोंडी. कधी जिन्यात, कधी चहाच्या टपरीवर भांडातला, म्हणजे मातीच्या पेल्यातला, चहा संपवता संपवता. मला ती माया वाटायची. असेलही.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे मॉडेलचं सॉफ्टवेअर संस्थेच्या सर्व्हरवर बसवणं. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं की एक बटण दाबायचं. लिनक्सवर असं एखादं वैज्ञानिक सॉफ्टवेअर बसवायचं तर त्याच्याआधी दहा दुसऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, बसवाव्या लागतात. गणितं सोडवणारी एक लायब्ररी, नदीचे तुकडे पाडून ते अनेक प्रोसेसरांना वाटणारी दुसरी, फाइली लिहिणारी तिसरी. प्रत्येकीला दुसरीची ठरावीकच आवृत्ती हवी. एकीला कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, नवा पाहिजे, दुसरी नव्या कंपायलरवर मोडते. सर्व्हर जुना होता, आणि त्याचा मुख्य पासवर्ड ज्या कंत्राटी माणसाकडे होता तो महिन्यातून एकदा यायचा. म्हणून सगळं मूळ कोडपासून, माझ्याच फोल्डरमध्ये, एकेक करून बांधायचं. तीनशे ओळींची एरर यायची, आणि खरं कारण त्यातल्या मधल्याच एखाद्या ओळीत लपलेलं असायचं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बंगाली सीनियर बसायचे, प्रबंधाच्या शेवटच्या वर्षातले. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही. रोज सकाळी आल्या आल्या ते विचारायचे, "की रे, होलो?" झालं का?

"नाही, दादा. आता आणखी एक लायब्ररी मागतंय."

"ये सॉफ्टवेअर है कि ससुराल?" दादा म्हणायचे. "रोज एक नया आदमी को खुश करो!"

मी हसायचो, पण माझ्यासाठी तो हसण्याचा विषय नव्हता. सरांनी सांगितलं होतं की आढाव्याच्या बैठकीआधी मॉडेल चाललं, तर ते माझी पीएचडीची नोंदणी करून घेतील. नाहीतर वर्षाचं कंत्राट संपलं की मी घरी. पीएचडी काय असते हे मी आईवडिलांना फोनवर तीनदा समजावलं होतं. बाईंना पत्राने कळवलं होतं. त्यांना आता ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं जमत नाही.

केलेली प्रत्येक गोष्ट मी एका फाइलीत टिपत होतो, सवयीप्रमाणे मराठीत. सर्व्हरवर देवनागरी उमटायची नाही, म्हणून रोमन अक्षरांत. कोणती आवृत्ती उतरवली, कंपायलरला काय काय सांगितलं, काय मोडलं, सगळं.

त्यात माझी एक चूकही टिपलेली आहे. मॉडेल फार हळू चालत होतं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की कंपायलरला अमुक एक मुभा दिली की वेग वाढतो. ती मुभा म्हणजे आकडेमोडीचा क्रम स्वतःच्या सोयीने बदलण्याची परवानगी. मी ती दिली. वेग जवळजवळ दुप्पट झाला. सरांनी पाठ थोपटली.

सगळं बसल्यावर शेवटची पायरी टेस्टची. सॉफ्टवेअरबरोबर शेकडो छोटी गणितं येतात, ज्यांची उत्तरं आधीच माहीत असतात. ती सोडवून घ्यायची आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. आमच्या सर्व्हरवर त्याला दोन दिवस लागणार होते. सुरुवातीलाच एक टेस्ट नापास झाली. मी सरांच्या खोलीकडे निघालो, ते जिन्यातच भेटले.

"सर, एक टेस्ट फेल झालीय. बाकीच्या पुऱ्या होऊ देतो, मग बघतो कुठे चुकतंय."

"एकच ना?"

"आत्तापर्यंत एकच. पण सर, अजून—"

"अरे बाबा, ते टेस्ट-बिस्ट नंतर. सोमवारी आढावा आहे, लोकांना दाखवायचंय मला. सर्व्हर मोकळा कर, मॉडेल लाव."

मी जागेवर येऊन टेस्ट थांबवली आणि फाइलीत लिहिलं: "1 test fail. baki nantar, sir mhanale." मग मॉडेल लावलं. सोमवारी पडद्यावर नदी वाहिली, काठाला पिवळा गाळ साचत गेला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर रोज नवं काम येत गेलं आणि टेस्टचं नंतर कधी आलंच नाही. ते मी आणायला हवं होतं. आणलं नाही. सर खूश होते, नोंदणीचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता.

सहा महिन्यांनी एक नवी विद्यार्थिनी आली. तिने तेच सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर बसवलं, तयार पॅकेजमधून, दहा मिनिटांत. तीच नदी, तेच आकडे घेऊन चालवून पाहिलं. गाळ भलत्याच काठाला साचला. तिने दोनदा तपासलं, मग बिचारीने घाबरत दादांना दाखवलं. कारण शोधलं तेव्हा कळलं, माझ्या त्या एका मुभेने गणिताच्या दर पावलाला दशांशात बारीकशी चूक होत होती, आणि मॉडेल लाखो पावलं चालतं. तोवर याच मॉडेलवरचा सरांचा शोधनिबंध छपाईसाठी स्वीकारला गेला होता.

बैठक बोलावली. सर, दादा, ती विद्यार्थिनी, भागीदार विद्यापीठाच्या एक प्राध्यापिका आणि मी. प्राध्यापिकांनी इंग्रजीत विचारलं, टेस्ट न करता मॉडेल चालवलं कुणी?

"मी," मी म्हणालो. "पण सरांनी थांबवायला सांगितलं होतं."

सर शांतपणे म्हणाले, "मी कधीच असं सांगत नाही. ईमेल आहे का?"

ईमेल नव्हता. मी म्हणालो, माझी नोंद आहे. फाइल उघडून पडद्यावर दाखवली आणि ती ओळ शोधली. मनातून मी सुटलो असंच मला वाटत होतं.

"ही कुठली भाषा?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"मराठी," सर म्हणाले. ते पुढे वाकले, चष्मा वर केला आणि इंग्रजीत वाचून दाखवलं, "एक टेस्ट नापास, बाकीच्या नंतर." शेवटचे दोन शब्द त्यांनी सोडून दिले.

मी तोंड उघडलं. इंग्रजी वाक्य मनात जुळवत होतो. सर पूर्ण वाचत नाहीयेत, एवढंच म्हणायचं होतं. ते जुळेपर्यंत सर म्हणाले, "म्हणजे नापास झालेली टेस्ट दिसत असून याने पुढे चालवलं. मुलगा प्रामाणिक आहे, पण घाई केली." प्राध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढचा विषय सुरू झाला.

नंतर म्हणालो असतो तरी चाललं असतं. पाच मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, ईमेलने. मी म्हणालो नाही. ज्या माणसाने या शहरात मला पहिल्यांदा जेवलास का विचारलं, त्याला चारचौघांत खोटं पाडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

बाहेर सर जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस रे. आपण घरची माणसं." मराठीत.

दादा टपरीवर होते. मी त्यांना सांगितलं की ओळीत आणखी दोन शब्द होते, पण तुम्हाला मराठी येत नाही, तुम्ही तरी काय करणार.

दादा भांडाकडे बघत म्हणाले, "भाई, उसमें 'सर' लिखा था. इतना तो सबको पढ़ना आता है."

"तो आप बोले क्यों नहीं, दादा?"

"मार्च में मेरा थीसिस जमा होना है."

तेवढ्यावर ते उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी "होलो?" विचारणं बंद केलं. मलाच त्यांच्यासाठी वाईट वाटलं, याचाही राग आला.

कंत्राट वाढवलं नाही. जाण्याआधी सर्व्हरवर सगळं नव्याने बसवून दे, असा ईमेल आला. इंग्रजीत. मी बसवून दिलं, ती मुभा काढून, सगळ्या टेस्ट पुऱ्या करून. एकही नापास झाली नाही. आठवड्याभराने बाईंना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे, ती अशी:

"बाई,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून लिहितो. मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं की नोंदणी झाली का. झाली नाही आणि आता होणार नाही. माझी इथली नोकरी संपली.

एक चूक माझी होती. टेस्ट नापास झाली हे दिसत असून मी पुढे काम चालवलं. तसं करायला सरांनी सांगितलं होतं, पण ते त्यांनी कबूल केलं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला फक्त पहिली सिद्ध करता आली. नोंद मराठीत होती म्हणून असं झालं, असं तुम्हाला वाटेल आणि तुम्ही स्वतःला दोष द्याल. तसं करू नका. सगळ्यांना पुरेसं कळलं होतं. पण कळल्याचं कुणाला दाखवायचं नव्हतं. मला बोलायचं होतं आणि मी बोललो नाही. याला भाषा काय करणार?

सेक्टर फाइव्हमध्ये एका कंपनीत काम मिळालं आहे. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवून द्यायचं. पीएचडी होणार नाही हे घरी अजून सांगितलेलं नाही. वडील दुकानात भेटले तर तुम्हीही काही बोलू नका, मी स्वतः सांगेन.

तुम्ही दहावीच्या मुलांना माझ्याबद्दल सांगता, शास्त्रज्ञ झाला म्हणून, असं आईने सांगितलं. कृपा करून ते थांबवा. मी झालो नाही. मला तुमचा राग नाही, पण ते ऐकलं की आता त्रास होतो.

पाकिटावर संस्थेचं नाव घालू नका. त्या पत्त्यावर आलेली पत्रं आता मला मिळणार नाहीत. बराकपूरचा पत्ता मागे लिहिला आहे."